४८-३६-२६ ट्रिपल क्रँक आणि ११-३४ कॅसेट: तामिया ते पचमढी, सामान लादून, एकट्यानं

सरळ मुद्द्यावर येतो. नागपूरहून सायकलवर सामान लादून एकट्यानं सातपुड्यात जायचं डोक्यात असेल तर नवीन सायकल बघायच्या आधी, हलकी चाकं नि कार्बनचे पार्ट बघायच्या आधी, आहे त्याच सायकलचे गिअर खाली आणा, म्हणजे चढावर पाय हलके फिरतील असे करा. मी आणले, आणि इतका खूश आहे की नीट बसून लिहावंसं वाटलं. टेस्ट म्हणून एकच दिवस सांगतो, तामिया ते पचमढीचा, साधारण ८० किलोमीटर, कारण लांब उतार, जंगलातले चढउतार आणि शेवटी मटकुलीवरून वर जाणारा घाट, असं सगळं त्या एका दिवसात येतं आणि गिअरची जी काय परीक्षा व्हायची ती होऊन जाते.

आधी काय होतं ते सांगतो म्हणजे फरक कळेल. माझी सायकल सरळ हँडलची फिटनेस टाइपची, ९ स्पीड म्हणजे मागे नऊ गिअर, पुढे ५०-३४ चे दोन चेनरिंग (पायडलजवळच्या दातेरी चकत्या, आकडा दातांचा) आणि मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा जुडगा), टायर ७०० बाय ३२. नागपुरात ही एकदम भारी चालते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आणि चारी बाजूंनी सपाट, वर्धा रोडला लागा नाहीतर काटोल रोडला, फार तर समोरून वारा येईल, चढ म्हणावा असा सेमिनरी हिल्सचा आणि जरा लांब गेलं तर रामटेकचा. रिकाम्या सायकलवर हे सगळं ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८) आरामात निघतं म्हणून दुकानात पण कोणी विचारत नाही की भाऊ सामान घेऊन कुठे जाणार आहे का. प्रश्न सुरू होतो तो मागे कॅरियर लागून दोन पॅनिअर, म्हणजे बाजूच्या पिशव्या, लटकले की.

हिशेब करून बघा, मी केला म्हणून सांगतो. माणूस ७० किलो, सायकल १५, सामान १५, म्हणजे १०० किलो. ६ टक्क्यांच्या चढावर हे वजन ताशी ६ किलोमीटरनं वर न्यायला साधारण ११० वॅट लागतात, हे काही फार नाही, धडधाकट माणूस बराच वेळ देऊ शकतो. पण ३४-२८ च्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी ६ ला पाय मिनिटाला फक्त ३८ वेळा फिरतात. तेवढ्या हळू फेऱ्यात तेवढीच ताकद लावायची तर दर फेऱ्याला जोर खूप लागतो आणि तो सगळा गुडघ्यावर आणि कंबरेवर येतो. २६-३४ मध्ये तीच सायकल एका फेऱ्यात १.६५ मीटर जाते, पाय मिनिटाला ६१ वेळा फिरतात आणि पायडलवरचा जोर ३७ टक्क्यांनी कमी होतो. वजन तेच, चढ तोच, स्पीड तोच. वर पोचायला लागणारा वेळ पण तोच. फक्त वर पोचल्यावर तुम्ही कसे असता ते पूर्ण बदलतं.

एकट्या माणसाला हे जास्त लागू होतं, हे ग्रुपवाल्यांना चटकन पटत नाही. ग्रुपमध्ये एकाकडे पंप, एकाकडे टूल, एकाकडे फर्स्ट एड असं वाटून घेता येतं, मागे एखादी गाडी असली तर मग विचारायलाच नको. एकटं असलं की दोन ट्यूब, टूलकिट, चेन जोडायची लिंक, गरम कपडे, पाणी, खायचं, सगळं आपल्याच चाकावर. आणि गुडघा दुखला तर थांबवणारं किंवा उचलून नेणारं कोणी नाही. म्हणून मी म्हणतो की एकट्यानं जाणाऱ्यासाठी खालचा गिअर ही सेफ्टीची गोष्ट आहे, हेल्मेटच्या बरोबरीनं.

तर काय काय बदललं. पुढे ट्रेकिंगवाला ४८-३६-२६ चा तीन चेनरिंगचा क्रँक (पायडलचे दांडे नि चेनरिंग मिळून), मागे ११-३४ ची ९ स्पीड कॅसेट, लांब केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) माउंटनवाला रिअर डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा पार्ट, तीन रिंगसाठीचा फ्रंट डिरेलर, डावीकडचा शिफ्टर तीन स्पीडचा, नवीन चेन, आणि क्रँक ज्यावर फिरतो तो, त्याला जुळणारा बॉटम ब्रॅकेट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दातांचा हिशेब सगळ्यांचा सारखाच असतो. मजुरी धरून दहा-बारा हजाराच्या घरात गेलं. ९ स्पीड ठेवायचं कारण सोपं आहे, पार्ट स्वस्त पडतात, बऱ्याच दुकानात मिळतात, आणि चेन ११-१२ स्पीडच्या चेनपेक्षा रुंद. वरचा गिअर गेला का असं सगळे विचारतात तर नाही गेला, ४८-११ वर पाय मिनिटाला ९० फिरले तर सायकल ताशी ५० च्या वर जाते, लादलेल्या सायकलला त्याच्यावर काय करायचंय.

काम सीताबर्डीच्या बाजूला एका छोट्या दुकानात करून घेतलं. मिस्त्री काका जुने, बोलणं कमी, पण मी आकडे सांगायला लागलो तर त्यांनी मलाच थांबवून विचारलं, "सामान मागे किती बांधता भाऊ?" मला तिथेच बरं वाटलं. डिरेलरची कपॅसिटी त्यांनी कागदावर मांडून दाखवली, पुढचा फरक ४८ वजा २६ म्हणजे २२, मागचा ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ४५ दात, म्हणजे एवढी ढिली चेन ओढून धरणारा लांब केजच पाहिजे, जुना छोटा केज ठेवून भागणार नाही. चेनची लांबी त्यांनी मोठ्या रिंगवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गुंडाळून, वर एक जोड ठेवून कापली. हे महत्त्वाचं आहे. चेन आखूड पडली आणि चुकून कोणी ४८-३४ टाकलं तर डिरेलर उपटून चाकात जाऊ शकतो, आणि हे जंगलात झालं की दिवस तिथेच संपला.

आता तो दिवस.

नागपूर ते छिंदवाडा रस्ता आपल्या लोकांना पाठ आहे, सावनेर, सौंसर, जामसावलीचा झोपलेला हनुमान, पुढे सिल्लेवानीचा घाट, सौंसरपर्यंत तर दुकानांत मराठीच ऐकू येते, संत्र्याचे बगीचेही तेच. मग परासियाच्या कोळसापट्ट्यातून तामिया. या भागाबद्दल जास्त लिहीत नाही, घाट सोडला तर २६ ची रिंग फारशी लागली नाही, ३६ वरच काम निघत होतं, आणि ती मधली ३६ ची रिंग हीच खरं तर या सेटची सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा आहे हे मला तिथेच कळलं. जुन्या ५०-३४ मध्ये मी सारखा वर-खाली करून राहिलो होतो, एक मोठी पडायची, एक लहान. ३६ वर मागचे सगळे गिअर पुरतात, दिवसभर डावा अंगठा शांत.

तामियाला डिसेंबरची सकाळ म्हणजे बोटं हँडलला चिकटतात. रेस्ट हाऊसच्या बाजूनं खाली बघितलं तर दऱ्या धुक्यानं भरलेल्या, तिकडेच पुढे पाताळकोट, भारिया आणि गोंड लोकांची गावं त्या खोल दरीत आहेत. चहा-पोहे खाल्ले, पोह्यांवर तर्री नव्हती, नागपूरकराला ते जाणवतंच. उजाडलं की निघालो. सुरुवातच घाटाच्या उताराची, देलाखारीकडे. उतारावर क्रँकचं काही काम नाही, तिथे ब्रेकची परीक्षा असते आणि १०० किलो वजन वळणावर कसं ढकलतं ते कळतं, म्हणून उतरायच्या आधी ब्रेक पॅड बघून घ्या एवढंच. एक गोष्ट मात्र क्रँकची नोंदवतो, पॅनिअरवाली सायकल खड्ड्यांवर उडते तेव्हा ढिली चेन आपटते आणि आतल्या बाजूला पडायची शक्यता असते, म्हणून उतारावर मी चेन मोठ्या रिंगवर ठेवतो, ताणलेली राहते. आतून एक छोटा चेन कॅचर पण लावून घेतलाय, दोन-तीनशेची वस्तू आहे, ट्रिपलवाल्यानं लावूनच घ्यावी.

देलाखारी ते मटकुली हा माझ्या मते या रस्त्याचा सगळ्यात सुंदर तुकडा. सागाचं जंगल, मोठी वाळलेली पानं रस्त्यावर, मधे मधे छोटी गावं, घरांच्या भिंती निळ्या-पांढऱ्या सारवलेल्या, वाहनं कमी. रस्ता सारखा वरखाली होतो, शंभर-दोनशे मीटर लांबीचे चढ, मग नाला, पूल, परत चढ. असल्या रस्त्यावर ट्रिपलची एक कमजोरी दिसते ती प्रामाणिकपणे सांगतो. उतार संपून एकदम चढ लागला की मोठ्या रिंगवरून लहानवर यायला वेळ लागतो, आणि पायडलवर जोर ठेवून शिफ्ट केलं तर चेन खरखर करते, कधी उतरतच नाही. त्याला उपाय म्हणजे आधीच बघून, चढ लागायच्या दहा-पंधरा मीटर आधी, पाय हलका करून रिंग बदलायची आणि मग मागचे गिअर वापरायचे. आता ज्यांना एकच रिंग आणि मागे मोठी कॅसेट असं १-बाय सेटअप आवडतं त्यांचं म्हणणं इथे बरोबर आहे, त्यांना हे काहीच करावं लागत नाही. पण त्यात गिअरांमधल्या उड्या मोठ्या होतात, सपाटीवर पायांची लय बसत नाही, आणि आपल्याला पचमढीला पोचायला आधी सव्वाशे किलोमीटर सपाट नि अर्धसपाट रस्ता काढायचाच असतो. म्हणून लांबच्या टूरसाठी माझं मत ट्रिपललाच.

मटकुलीला चहा घेतला. पिपरियाकडून येणारा रस्ता इथेच मिळतो म्हणून हॉटेलं, गाड्या, गर्दी. हॉटेलवाले भैय्या सायकलभोवती फिरून बघत होते, म्हणाले नागपूरवाले तर आमच्याकडे नागद्वारीला येतात. खरंच आहे, श्रावणात नागपंचमीच्या वेळेला नागद्वारीच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडला विदर्भातून माणसांचे लोंढे याच डोंगरात जातात, आपल्या घरोघरी कोणी ना कोणी मोठ्या महादेवाला जाऊन आलेलं असतं. माझे आजोबा गेलेले. तेव्हा आपल्याकडच्या माणसाला ही चढण काही परकी नाही, पायांनी चढलेली आहे, मी ती चाकावर चढून राहिलो होतो एवढंच. आणि इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा उन्हाळ्यात सरकारचा कारभार पचमढीला हलायचा, म्हणजे नागपूर-पचमढी हे नातं कागदोपत्री पण जुनं आहे.

इथून पचमढी तीसेक किलोमीटर. देनवा नदी खाली राहते आणि रस्ता १०६७ मीटरवरच्या पठाराकडे निघतो. हा चढ सलग भिंतीसारखा नाही. थोडा चढतो, थोडा सपाट, एखादा छोटा उतार लागतो जो बघून वाईट वाटतं कारण कमावलेली उंची खर्च होते, आणि मग परत वळणं. वळणांच्या आतल्या बाजूला खरा तीव्र तुकडा असतो, कॉम्प्युटरवर ६-७ टक्के दिसत होते, आतल्या कडेला त्याहूनही जास्त, म्हणून वाहन नसेल तेव्हा वळण जरा बाहेरून घ्यायचं.

आणि इथे २६-३४ काय चीज आहे ते कळलं राजेहो. मी पहिल्या मोठ्या चढाच्या आधीच छोट्या रिंगवर आलो, मागे मधली चकती, आणि मग जसा चढ वाढला तसे मागचे एक एक गिअर खाली. शेवटचा एक गिअर मी बहुतेक वेळ शिल्लक ठेवला. ते मनाला फार बरं असतं, हे ज्यानं जुन्या सेटवर घाट चढलाय त्यालाच समजेल, तिथे पहिल्याच वळणावर सगळे गिअर संपलेले असतात आणि पुढचं वळण दिसलं की पोटात गोळा येतो. इथे पाय मिनिटाला ५५-६० फिरून राहिले, श्वास चढलेला पण ताब्यात, बोलता येईल एवढा. स्पीड ताशी ५ ते ७. हो, हळू आहे. माकडं कठड्यावर बसून बघत होती, लंगूर, त्यांच्या पिल्लांसकट, आणि मला त्यांना बघायला वेळ होता. खाली साग होता, वर येता येता साल दिसायला लागतो, सातपुड्यात पचमढीच्या आसपास साग आणि साल दोघांची जंगलं भेटतात, झाडाची उंची, पानाची चमक, सावली सगळं बदलतं. उभ्यानं पायडल मारत, दात ओठ खात चढलो असतो तर हे झाड बदललेलं मला दिसलंच नसतं. माझ्यासाठी या पार्टची किंमत तिथेच वसूल झाली.

एवढ्या हळू स्पीडला एक गोष्ट शिकावी लागते, तोल. ताशी ५ च्या खाली लादलेली सायकल डावी-उजवी डुलते. पुढच्या चाकावर थोडं वजन असेल तर हँडल कमी लपकतं, म्हणून मी जड वस्तू, टूल नि पाणी, पुढच्या बाजूला आणि फ्रेममध्ये ठेवतो, मागे कपडे. नजर चाकाजवळ न ठेवता दहा मीटर पुढे. नवीन सेट लावल्यावर हे आधी सेमिनरी हिल्सवर सामान बांधून करून बघा, ट्रॅफिकमध्ये डुललं तर पंचाईत होते. याहून खालचा गिअर, २२-३६ वगैरे, मिळतो, पण माझ्या मते डांबरी रस्त्यावर त्याच्यापेक्षा चालत ढकलणं तेवढंच पडतं. स्पीतीला नाहीतर लडाखला जाणाऱ्यांचं वेगळं, तिथे हवाच विरळ, तिथे जेवढा खाली मिळेल तेवढा घ्या.

घाटात एका वळणावर एमएच ३१ ची गाडी थांबलेली, नागपूरचं कुटुंब, फोटो काढून राहिले होते. काकूंनी विचारलं, "काहून रे बाप्पा, एकटाच? सोबत कोणीच नाही?" मी म्हटलं नाही काकू, एकटाच. त्यांनी डब्यातून दोन संत्र्याच्या बर्फ्या काढून हातावर ठेवल्या आणि काका मात्र सायकलपाशी वाकून मागची कॅसेट बघत होते, "एवढा मोठा दात? हा कशाला?" मी सायकल उचलून पायडल फिरवून दाखवलं, चाक किती कमी फिरतं ते. काकांना लगेच समजलं, म्हणाले ट्रॅक्टरचा लो गिअर आहे हा. यापेक्षा चांगलं मला स्वतःला सांगता आलं नसतं.

पचमढीच्या नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. गुडघे ठीक, कंबर ठीक. मांड्या थकलेल्या, त्या थकणारच. सायकल लावून संध्याकाळी बाजारात पायी फिरलो, पायऱ्या चढता-उतरता आल्या, जुन्या सेटवर चिखलदऱ्याहून परत आल्यावर हे जमत नव्हतं.

आता घेणाऱ्यांसाठी काही राहिलेल्या गोष्टी. तुमच्या सायकलला रोडवाले खाली वाकलेले हँडल आणि ब्रेकमध्येच गिअर असलेले शिफ्टर असतील तर हा ट्रेकिंग क्रँक आणि फ्रंट डिरेलर त्यांच्याशी सरळ जुळत नाही, केबल ओढायचं माप वेगळं असतं, आधी मिस्त्रीला विचारा. फक्त बजेट कमी असेल तर पहिल्यांदा मागची कॅसेट बदला, ३४-३४ म्हणजे एकास एक झालं तरी २.६ मीटरचं २.१५ होतं, त्याच पैशात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो, क्रँक नंतर करा. डिरेलर तेवढी मोठी चकती घेतो का ते मात्र तपासून. क्रँक रुंद असल्यामुळे पाय दोन्हीकडे थोडे बाहेर जातात, पहिले काही दिवस वेगळं वाटतं, मग विसरायला होतं. वजन थोडं वाढतं, सामानासकट १०० किलोत ते कुठे कळत नाही.

चेन आणि धूळ. कोळसापट्ट्यातली काळी धूळ आणि जंगलातल्या रस्त्याची लाल धूळ, दोन्ही तेलात बसून चेन घासते. रोज संध्याकाळी फडक्यानं चेन पुसायची, थेंब थेंब तेल, परत पुसायची. चेन मोजायचं छोटं गेज मिळतं, ०.७५ टक्क्याच्या आत ताणली असेल तेव्हाच बदलली तर कॅसेट वाचते, नाहीतर तीन रिंग आणि कॅसेट सगळंच घ्यावं लागेल. २६ ची रिंग लहान असल्यामुळे तिचे दात लवकर झिजतात, तिच्यावर नजर ठेवा.

आणि दुकानातून सायकल घेताना स्टँडवर फिरवून समाधान मानू नका. सामान बांधून जा, मिस्त्रीसमोर तीनही रिंग, मागचे सगळे गिअर, चढावर बसून. ४८-३४ एकदा मुद्दाम टाकून बघा चेन पुरते का, २६-११ टाकून बघा चेन लोंबते का, ३६ वरून २६ वर दहा वेळा उतरवा आणि एकदाही चेन आत पडली तर लिमिट स्क्रू (डिरेलर किती सरकायचा ते ठरवणारे) पुन्हा बसवून घ्या. केबल नवीन असल्या तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ताणतात, म्हणून पहिली सर्व्हिस निघायच्या आधी करा, छिंदवाड्यात जाऊन नाही.